कुत्र्याच्या छत्रीचं विरजण

मराठी भाषेने ज्यांच्यावर उघडउघड अन्याय केला अशा वस्तूंची यादी करायला बसलं, तर पहिला नंबर अळंबीचा लागेल. चिनी माणसाने आपल्या लाडक्या अळंबीला ‘सुगंधी’ म्हटलं. इंग्रजांनी एका जातीला शिंपल्याचं नाव दिलं, म्हणजे निदान मोती निघण्याची आशा तरी शिल्लक ठेवली. आणि आपण? आपण तिला म्हणालो, ‘कुत्र्याची छत्री’! आता तुम्हीच सांगा, कुत्र्याला छत्री कधी लागते? भर पावसात मनसोक्त भिजून, अंगावरचं सगळं पाणी नेमकं आपल्या स्वच्छ धोतरावर झटकणारा तो प्राणी. त्याने छत्री कधी मागितलेली नाही आणि छत्रीनेही त्याला कधी आश्रय दिलेला नाही. पण नाव पडलं ते पडलंच. पुढे निवडणुकीच्या आधी पक्ष उगवले, जूनमध्ये शिकवण्यांचे वर्ग उगवले की आपण म्हणणार, ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले!’ यात पक्षांचा अपमान होत नाही, छत्रीचा होतो.

मनूनेही तिला सोडलेलं नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तीत लसूण आणि कांदा यांच्याच पंगतीला अळंबी बसवलेली आहे. त्यातून आमच्या गावाचं नाव पडलं ब्राह्मणपुरी! हे नाव ऐकून पुण्याच्या एका गृहस्थांनी मला, “तुमच्याकडे जेवणावळी फार होत असतील, नाही?” असं विचारलं होतं. प्रत्यक्षात शहादा तालुक्यातलं हे शेतीवाल्यांचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे कापूस, ऊस, केळी, पपई. जिल्हा विचाराल तर वडिलांच्या लहानपणी पश्चिम खानदेश, माझ्या लहानपणी धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. म्हणजे बिऱ्हाड एक इंचही न हलवता आमच्या घराने तीन जिल्हे पाहिले. अशा गावात मनूचं किती चालणार? खानदेशी वांग्याच्या भरतातून लसूण आणि कांद्याची पात काढून टाकली तर मागे उरते ती नुसती वांग्याची हळहळ. तेव्हा मनूच्या यादीतल्या दोन बाबींचा निकाल आमच्या पूर्वजांनीच लावून ठेवला होता. राहिली होती ती तिसरी.

तिसरीचा निकाल लावण्याआधी एक जुना वाद मिटवावा लागतो. अळंबी शाकाहारी की मांसाहारी? लग्नाच्या पंगतीत ‘मशरूम मटर’चं भांडं आलं की आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी वाटाणे तेवढे उचलतात आणि छत्र्या ताटाच्या कडेला उभ्या करतात. शास्त्रज्ञांनाही या प्रश्नाने बरंच छळलं. शेवटी १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच राज्यं पाडली आणि बुरशीवर्गाला त्यातलं एक स्वतंत्र राज्य देऊन टाकलं. महाराष्ट्राला जे नऊ वर्षं आधी मिळालं होतं ते बुरशीला मिळालं. पण वाद मिटला असं वाटावं तर १९९३ च्या सुमाराला जनुकांची तपासणी करणाऱ्यांनी सांगितलं की, या मंडळींचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. त्यांच्या पेशींच्या भिंतीत जे कायटिन असतं, तेच खेकड्याच्या कवचातही असतं. ही माहिती मी पंगतीत अजून कोणाला दिलेली नाही. माणसाला दोन घास सुखाने खाऊ द्यावेत.

पण अळंबीची खरी गंमत आहे ती तिच्या लागवडीत. तिला आपल्या ओळखीचं बी नसतं. छत्रीच्या पोटाखालच्या पडद्यांमधून धुरासारखे बारीक बीजाणू पडतात खरे, पण ते शेतकऱ्याने मुठीत घेऊन पेरावेत असं काही नव्हे. छत्री हे नुसतं फळ. खरं झाड म्हणजे काडात, लाकडात, खतात आतल्या आत पसरलेले पांढरे तंतू. अळंबी लावायची म्हणजे हे तंतू एका जागेवरून उचलायचे आणि ताज्या काडात सोडायचे. ते काड पांढरं झालं की त्यातलं थोडं पुढच्या काडात. थोडक्यात, हे बियाणं नव्हे, हे विरजण!

आणि विरजणाचं शास्त्र माझ्या आईला पूर्ण अवगत होतं. शास्त्र दोनच कलमांचं. पहिलं, रोज चमचाभर बाजूला काढून ठेवायचं. दुसरं, मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही. दुसरं कलम परोपकाराचं वाटतं. प्रत्यक्षात ते विम्याचं होतं. एकदा बाहेरगावचं लग्न आटोपून आम्ही आठ दिवसांनी परतलो तर दह्याला काळीहिरवी दाढी फुटलेली. आईने शांतपणे माझ्या हातात वाटी दिली आणि समोरच्या घरी पिटाळलं. “मागायला लाजू नकोस,” ती म्हणाली. “त्यांच्याकडचं आपलंच आहे.”

हे सगळं आठवायला कारण झाला आमच्या फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातला एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा. माझे मेहुणे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. २०१४ साली ते गेले. पुढे ताई आमच्याकडे राहायला आली ती दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि हा डबा घेऊन. डब्यात अकरा परीक्षानळ्या. प्रत्येकीच्या तोंडात कापसाचा बोळा, आत पिवळट काहीतरी तिरपं थिजलेलं आणि त्यावर तेल. बाहेर मेहुण्यांच्या बारीक, सरळ अक्षरातल्या चिठ्ठ्या. यांतून अळंबीचं विरजण जपता येतं, एवढंच ते कधीतरी बोलले होते. आमच्या सौभाग्यवतींचं लिंबाचं लोणचं आणि हा डबा यांचा त्या कप्प्यावरून दरवर्षी सीमाप्रश्न निघे. पण ‘टाकून द्या’ हे शब्द कोणाच्या तोंडून कधी निघाले नाहीत. दर दिवाळीला ताई डबा काढायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची. आत काही जिवंत आहे की नाही हे तिने कधी विचारलं नाही. आम्हीही नाही.

त्या डब्यापायीच मी मेहुण्यांची पुस्तकं उघडली. आणि लक्षात आलं की, माणसाने अळंबी पिकवण्याचा सगळा इतिहास म्हणजे माझ्या आईची दोन कलमंच आहेत. विरजण ठेवायचं कसं, आणि ठेवायचं कोणाकडे!

युरोपातली हकिगत चौदाव्या लुईच्या काळात सुरू होते. पॅरिसच्या आसपासच्या खरबुजांच्या मळ्यांत, जुन्या खताच्या वाफ्यांवर अळंबी उगवते हे माळ्यांच्या ध्यानात आलं. १७०७ साली तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या लागवडीची पद्धत नीट लिहून ठेवली. एकोणिसाव्या शतकात हा धंदा पॅरिसच्या पोटातल्या दगडांच्या जुन्या खाणींत शिरला. तिथे बारा महिने गारवा, आणि वर शहरभर घोडे असल्यामुळे लिदीला तोटा नाही. वर क्रांत्या होत होत्या, राजे जात होते, परत येत होते. खाली अळंबी निवांत वाढत होती. तिच्या तंतूंना ते लोक नुसतं ‘पांढरं’ म्हणत. पण हे ‘पांढरं’ वर्षानुवर्षं तेच तेच वापरलं की थकायचं. उत्पन्न घटायचं, रोग यायचे. मग मंडळी नव्या, ताज्या ‘पांढऱ्या’च्या शोधात उकिरडे धुंडाळत फिरायची. इंग्लंडमध्ये खताच्या विटा पाडून, त्यांत हे तंतू वाढवून, वाळवून विकत. त्या विटा बोटीने अमेरिकेपर्यंत जात. विटेत नेमकं काय निघणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. वधूवरसूचक मंडळासारखाच विश्वासाचा मामला!

चीनने तर विरजणाचं खातं सरळ वाऱ्याकडे सोपवलं होतं. चेजियांग प्रांतातल्या डोंगरांत शिइताके नावाची अळंबी सुमारे हजार वर्षं पिकवली जाते. पद्धत अशी की झाड पाडायचं, ओंडक्यावर कुऱ्हाडीने खाचा पाडायच्या आणि घरी येऊन वाट पाहायची. वाऱ्याने बीजाणू आले तर आले. त्या भागात वू सान-कुंग नावाच्या एका पुरुषाची आख्यायिका आहे. ओंडक्यावर काही केल्या अळंबी येईना, तेव्हा संतापून त्याने ओंडक्याला बडव बडव बडवलं. थोड्याच दिवसांत ओंडका छत्र्यांनी भरून गेला! यात तथ्य आहे. ओंडक्याला हादरा बसला की शिइताके उगवायला चालना मिळते. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी हाच प्रयोग माझ्या पिढीवर केला होता, पण आमच्यात आधी कोणी विरजणच लावलेलं नव्हतं, त्याला ते बिचारे काय करणार? जपानी शेतकरीही फार काळ वाऱ्यावरच भरवसा ठेवून होते. १९४० नंतरच्या काही वर्षांत मोरी किसाकू यांनी लाकडाच्या लहान तुकड्यांवर शुद्ध तंतू वाढवून ते ओंडक्यात ठोकायची युक्ती काढली, तेव्हा कुठे वाऱ्याची नोकरी सुटली.

शुद्ध विरजण आलं ते फ्रान्समधून. १८९४ च्या सुमाराला कोस्तांतँ आणि मात्रुशो या दोघांनी बीजाणू रुजवून, दुसरं काहीही न मिसळलेलं ‘पांढरं’ तयार केलं आणि पाश्चर संस्थेतून ते मिळू लागलं. उकिरड्यांची वणवण थांबली. पण विरजण आता कुलपात गेलं. ते कुलूप काढलं डग्गर नावाच्या अमेरिकनाने. ताज्या छत्रीच्या आतला एक तुकडा निर्जंतुक अन्नावर ठेवला की त्यातूनही तंतू फुटतात, हे त्याने दाखवलं आणि सगळी कृती १९०५ साली सरकारी पुस्तिकेत छापून मोकळा झाला. आईचं दुसरं कलम अमेरिकन शेतीखात्याने मंजूर केलं ते असं.

या निर्जंतुक अन्नामागेही एक स्वयंपाकघरच आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की ते वितळायचं आणि मग सगळे जंतू एकमेकांत मिसळून सर्वपक्षीय सरकार व्हायचं. तिथल्या वॉल्टर हेस यांनी ही कहाणी बायकोपुढे मांडली. फॅनी हेसबाई स्वयंपाकघरात फळांच्या जेलीसाठी समुद्रशेवाळापासून काढलेलं आगर वापरत. ही युक्ती त्यांना लहानपणी जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. बाईंनी सुचवलं, “आगर वापरून पाहा.” हे १८८१ सालचं. तेव्हापासून साऱ्या जगातल्या प्रयोगशाळांतले जंतू आणि बुरश्या आगरावर वाढताहेत. १८८२ साली कॉखसाहेबांनी निबंधात आगराचा उल्लेख केला, बाईंचा नाही. बायको हा प्रकार युरोपातही सारखाच वागवला जातो हे वाचून आमच्या सौभाग्यवतींना गहिवरून आलं.

आता प्रश्न उरला साठवणीचा. आगरावरचं विरजण काही महिन्यांनी नव्या नळीत बदलावं लागतं. आणि प्रत्येक बदलीत ते थोडं थोडं बिघडू शकतं. सरकारी नोकराचंही हेच होतं म्हणा! यावर उपाय म्हणजे त्याला झोपवून ठेवणं. १९३९ साली कास्तेलानी यांनी बुरश्या नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवल्या आणि त्या जगल्या. १९४७ साली ब्यूएल आणि वेस्टन यांनी नळीत वरून पॅराफिन तेल ओतून बुरश्यांचा मोठा संग्रह टिकवून दाखवला. तेलाखाली हवा जेमतेम पोचते, ओल उडून जात नाही आणि बुरशी पेंगत पेंगत वर्षं काढते. त्याहून पक्की व्यवस्था म्हणजे द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश! पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून उद्योगाच्या कामाच्या सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून जी संस्था सुरू झाली, तिला पुढे तिचे संस्थापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव मिळालं. तिथे देशातल्या बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहच सांभाळला जातो. पुण्यात जुनं काही टाकून देत नाहीत हे आपण ऐकून असतो. पण ही सवय देशाच्या कामी आली आहे.

असं कोणीतरी, काही मतलब नसताना जपलेलं विरजण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलियम बुरशी पाहिली आणि मागेल त्याला तिची नळी दिली. दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांना ती हवी झाली, तर त्यांच्याच इमारतीत सापडली. पूर्वीच्या प्राध्यापकाने दुसऱ्याच कामासाठी मागून घेतली होती आणि तो वारल्यानंतरही कोणीतरी ती नळी बदलत राहिलं होतं. १९४० साली जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरेल अशी भीती होती. तेव्हा या मंडळींनी ते बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरांना चोळून ठेवले, म्हणजे पळून जावं लागलं तरी विरजण अंगावर राहील. आपल्याकडच्या बायका दागिने अंगावर घालून प्रवास करतात तसंच.

एवढं वाचून झालं होतं आणि दिवाळीला भाची आली. ताईचीच मुलगी. पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करत होती. तिने डबा उघडून एकेक नळी उजेडात धरली आणि म्हणाली, “मामा, यातलं काही जिवंत असू शकतं. बघायचं का?”

ताई स्वयंपाकघरात होती. तिथूनच तिने विचारलं, “बघायचं म्हणजे काय करायचं?”

“नळी उघडायची, आई.”

“आणि मेलेलं निघालं तर?”

यावर कोणीच बोललं नाही. डबा बंद होता तोवर त्यात मेहुण्यांचं काहीतरी जिवंत होतं. उघडल्यावर ते उरेलच याची खात्री कोण देणार? ताईने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देता देता भाचीला म्हणाली, “उघड. त्यांना आवडलं असतं.”

त्यानंतर आमच्या घरात जे सोवळं सुरू झालं ते आजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. बटाट्यांचं पाणी, साखर आणि आगर यांचं खळ नळ्यांत भरून कुकरमध्ये शिजलं. माजघराची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. भाचीने हात स्पिरिटने धुतले, नाकातोंडाला फडकं बांधलं, स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल केली. “आता कोणी बोलायचं नाही. वाकायचं नाही. शिवायचं नाही!” आजी हेच म्हणायची, फक्त तिला जंतूंची नावं माहीत नव्हती. मनूने निषिद्ध ठरवलेली वस्तू ब्राह्मणपुरीत अशा कडकडीत सोवळ्यात शिजली.

अकरांपैकी एका नळीवर मेहुण्यांनी लिहिलं होतं, ‘भाताच्या पेंढ्यावरची. फ्रिजमध्ये ठेवू नये.’ या जातीला थंडी सोसत नाही. पण बिऱ्हाड हलवताना कोणीतरी सगळा डबाच थंडीत नेऊन ठेवला होता. तिची आशा नव्हतीच. बाकीच्यांतल्या एकीत आगंतुक हिरवी बुरशी निघाली. उरलेल्या नऊ गप्प. आठवडा गेला. भाचीने रजा वाढवली. ताई रोज सकाळी देवपूजेनंतर नळ्यांपुढे उभी राहायची. अकराव्या दिवशी एका नळीत कापसाचं बोंड फुटावं तसा पांढरा ठिपका दिसला. चिठ्ठीवर होतं, ‘धिंगरी. तोरणमाळ. १७-७-२०११.’

बारा वर्षं! एक तप! मोठमोठ्या ऋषींना एवढ्या काळात इंद्राचं आसन हलवता येत असे. या बुरशीने लोणच्याशेजारी बसून नुसतं जिवंत राहून दाखवलं.

ताईने चिठ्ठी वाचली आणि हसायला लागली. “तोरणमाळ! अरे, धो धो पाऊस होता. दोघांत एकच छत्री. वाटेत पडलेल्या झाडावर ही दिसली, तर हे छत्री तिच्यावर धरून बसले. कागदात गुंडाळेपर्यंत ती भिजू नये म्हणून! मी उभी तशीच. घरी येऊन आठ दिवस तापाने पडले होते.” हसता हसता तिने डोळे पुसले. जगात अळंबीवर खरोखरची छत्री धरणारा माणूस आमच्या नात्यात होऊन गेला हे मला तेव्हा कळलं.

तंतू आधी फार मंद होते. भाचीने ते तीनदा नव्या नळीत बदलले तेव्हा त्यांना जोम आला. पुढची पायरी म्हणजे धान्यावर वाढवणं. ही युक्ती सिंडेन या अमेरिकनाने काढली आणि १९३२ साली तिचं पेटंट घेतलं. धान्याचा दाणान् दाणा पांढरा झाला की तो बियाण्यासारखा विखरून टाकता येतो. आपल्याकडे याला गहू चालतो, ज्वारीही चालते. आणि ज्वारीला खानदेशात काय तोटा? ती अर्धवट उकडली, चिकटू नये म्हणून खडूची पूड आणि जिप्सम लावलं, सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरली आणि कुकरमध्ये दोन तास वाफवली. एवढा वेळ काय शिजतंय हे विचारायला दोन घरांतून माणसं आली. एकाने तर हुरड्याचं मीठ बरोबर आणलं होतं.

धिंगरी ही तशी गरिबाघरची जात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मनीत फाल्क यांनी ती झाडांच्या बुंध्यांवर लावली. भारतात १९६२ साली मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर तिची एक जात पिकवली. १९७४ साली हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या बुंध्यावर सापडलेली दुसरी जात लागवडीत आली आणि देशभर पसरली. पुढे लक्षात आलं की तिचं शास्त्रीय नावच दुसऱ्या कोणाचं तरी होतं. पण तोवर पुस्तकं छापून झाली होती! हिमाचलात सोलनला १९६१ मध्येच अळंबीचं काम सुरू झालं होतं. तिथे १९८३ साली राष्ट्रीय केंद्र झालं आणि त्याच वर्षी निघालेल्या अखिल भारतीय योजनेत पुण्यालाही जागा मिळाली.

आमची योजना ब्राह्मणपुरीपुरतीच होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि धिंगरीला वीस ते तीस अंश मानवतात. म्हणून मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गव्हाचं काड बारीक तोडून रात्रभर भिजवलं, कढत पाण्यात तासभर ठेवून निथळलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक थर काडाचा, एक चिमूट ज्वारीची, असं भरत गेलो, बिर्याणीचं तंत्र. पिशव्यांना भोकं पाडून त्या जुन्या गोठ्यात टांगल्या. भोवती ओली गोणपाटं. वीस दिवसांत पिशव्या कापसाच्या उशांसारख्या पांढऱ्या झाल्या. प्लॅस्टिक फाडून पाणी शिंपडू लागलो तशी टाचणीच्या डोक्याएवढी टिंबं दिसली, आणि चौथ्या दिवशी पाहतो तो करड्या शिंपल्यांचे घोसच्या घोस! किलोभर सुक्या काडाला अर्धा-पाऊण किलो अळंबी निघाली.

ताईने ती वांग्याच्या भरतासारखी केली. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात. म्हणजे मनूची तिन्ही कलमं एकाच कढईत! पहिला घास घेऊन ती जरा थांबली. “एवढ्यासाठी मी भिजले होते तर,” म्हणाली आणि परत वाढून घेतलं.

मेहुण्यांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे ती मी त्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवली. अळंबीची शेती माणसाने सुरू केलेली नाही. वारुळात बुरशीचा मळा लावणारी वाळवी कोट्यवधी वर्षं हे काम करते आहे. पावसाळ्यात वारुळावर जी चवदार अळंबी उगवते ती तिच्याच मळ्यातली, आणि ती वाळवीवाचून पिकवणं माणसाला अजून साधलेलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पानकाप्या मुंग्या तर पानं कातरून त्यांच्यावर बुरशी वाढवतात. त्यांची राजकन्या नवं घर थाटायला उडून जाते, तेव्हा माहेरच्या बुरशीची एक बारीक गोळी तोंडात धरून नेते. तेवढ्यावर नवा संसार उभा राहतो. कुलूप नाही, तेल नाही, उणे १९६ अंश नाही. लेकी सासरी जातात आणि विरजण चालू राहतं.

हे ऐकल्यावर ताई उठली. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या ज्वारीची एक बाटली समोरच्या घरी गेली, एक मारुतीच्या देवळामागे, एक पाटलांच्या गोठ्यात. भाची पुण्याला परतताना तिच्या पर्समध्ये एक नळी होती. “आई, जपून ठेवते हं,” ती म्हणाली. ताई म्हणाली, “जपू नकोस. वाट.”

आमच्या पिशव्या फेब्रुवारीअखेर माश्यांनी संपवल्या. नोव्हेंबरात ताईने माझ्या हातात बाटली दिली आणि मी ती समोरच्या घरून भरून आणली. लाजलो नाही.

बिस्किटांचा डबा अजून आहे. त्यात आता नव्या सहा नळ्या आहेत, वर तेल, तोंडाला बोळा. चिठ्ठ्या ताईच्या अक्षरातल्या असल्या तरी मजकूर तोच आहे, ‘धिंगरी. तोरणमाळ. १७-७-२०११.’ झाकणाच्या आतल्या बाजूला तिने एक कागद चिकटवला आहे. त्यावर विरजण नेलेल्या घरांची यादी आहे. मागच्या आठवड्यात ती चौदापर्यंत गेली होती. लोणच्याची बरणी मात्र अजून फ्रिजच्या बाहेरच आहे.